गुहेला कुलूप होतं

माझ्या नवऱ्याला तुम्ही मारलंत. वाऱ्याचं नाव मला सांगू नका. वाऱ्यात मी जन्मले, वाऱ्यात लग्न केलं, ओक्लाहोमाच्या त्या सपाट मुलखात वाऱ्याने आमच्या अंगणातली शेड दोनदा उचलून शेजाऱ्याच्या मक्यात नेऊन टाकली. वारा कुणाला कुठे बसवायचं हे ठरवत नाही. ते त्या दिवशी तुम्ही ठरवलंत, वातानुकूलित खोलीत, कॅमेऱ्यांच्या पडद्यांसमोर बसून. आणि तुमच्यातल्या एकाचंही नाव मला अजून कळलेलं नाही.

शाळा सुटल्या की आम्ही दरवर्षी कॉपर हॉलोला जायचो. सीमा ओलांडून मिसुरीत शिरलं की डोंगर सुरू होतात, आणि त्या डोंगरांत तुमचं ते थीम पार्क. बॉइडचा जीव तिथल्या जुन्या लाकडी रोलर कोस्टरवर. माणूस गॅसचा टँकर चालवणारा, दरवाजातून आडवा शिरेल असा, पण त्या गाडीत बसला की लहान पोरासारखा ओरडायचा. त्याचा आवाजही तसाच. आमच्या चर्चमध्ये त्याच्यासमोर कुणी माइक ठेवत नसे, आणि मी आयुष्यभर त्याला एकच सांगत आले, हळू बोल, सगळ्या गावाला ऐकू जातंय.

या वेळी सोबत आमची मुलगी ट्रेसा होती आणि तिची सात वर्षांची मेलिन.

सकाळपासूनच हवा चिकट होती. दक्षिणेकडून गरम, ओला वारा. पार्किंगमध्ये उतरल्या उतरल्या बॉइडने मान वर केली.

"व्हर्ना, आज दुपारनंतर काहीतरी येणार बघ."

"तू सुट्टीवर आलायस की हवामान खात्यात लागलायस?"

"माझे गुडघेच हवामान खातं आहेत बाई. पगार तेवढा देत नाही कुणी."

"पपॉ, टोर्नेडो येणार?" मेलिनने आजोबाला विचारलं. तिच्या आवाजात भीती नव्हती, उत्सुकता होती. आमच्याकडची पोरं अशीच. भोंगा वाजला की बायका तळघरात जातात आणि पुरुष हातात बिअर घेऊन ओसरीवर येतात, आकाश बघायला. बॉइड त्यातलाच. मी खालून शिव्या घालायची आणि तो वरून सांगायचा, अजून लांब आहे, अजून लांब आहे.

जेवताना सगळ्यांचे फोन थरथरले. टोर्नेडो होऊ शकेल अशी हवा आहे, एवढाच त्याचा अर्थ. आमच्याकडे मे महिन्यात असा निरोप आला म्हणून कुणी हातातला घास खाली ठेवत नाही. आम्हीही ठेवला नाही. ट्रेसा आणि मेलिन पाण्याच्या राइडच्या रांगेत गेल्या, पार्कच्या पार दुसऱ्या टोकाला. आम्ही दोघं म्हातारे सावलीला बसलो.

मग दक्षिणेचा वारा एकदम पडला. झाडाचं पान हलेना. पश्चिमेकडचं आकाश हिरवं झालं, जुन्या मारासारखं हिरवं. बॉइडची थट्टा तिथे थांबली. हातातला लिंबू सरबताचा पेला त्याने बाकावर ठेवला आणि उभा राहिला.

तुमच्या लाउडस्पीकरवर एक गोड आवाज आला. "हवामानामुळे काही राइड थोड्या वेळासाठी बंद ठेवत आहोत. आपल्या सहकार्याबद्दल आभार." हवामान! थोड्या वेळाने पुन्हा तेच सांगितलं, तेव्हाही हवामानच म्हणाला. टोर्नेडो हा शब्द तुमच्या तोंडून शेवटपर्यंत निघाला नाही. रांगेतली माणसं रांगेतच उभी राहिली, कारण रांग सोडली की नंबर जातो हे तुम्हीच त्यांना शिकवलंय. ऊन असो, गारा असोत, माणूस नंबर सोडत नाही.

नंतर सगळे फोन एकदम किंचाळले. या वेळी तो दिसला होता, खरा, जमिनीवर उतरलेला. डोंगरापलीकडच्या गावाचा भोंगाही ऐकू आला. आणि तुमचा गोड आवाज म्हणाला, "पाहुण्यांनी कृपया उत्सव हॉलमध्ये जावे."

तो हॉल मी पाहिलेला आहे. संध्याकाळी तिथे भजनं होतात, चार हजार माणसं बसतात. वर लांबच लांब पत्रा आणि मध्ये एकही खांब नाही, कुणाला स्टेज दिसायला अडचण नको म्हणून. त्या छपराला नुसत्या कडेच्या भिंतींनी धरलेलं. आमच्याकडे हे शेंबडं पोर सांगेल. भोंगा वाजला की शाळेत पोरांना वर्गांमधल्या अरुंद बोळात गुडघ्यांवर बसवतात, भिंतीकडे तोंड, हात मानेवर. जिममध्ये, म्हणजे खेळाच्या मोठ्या हॉलमध्ये, कधीच नेत नाहीत. मोठं छप्पर आधी उचललं जातं आणि मग खाली येतं.

"त्या डब्यात?" बॉइड म्हणाला. "जमिनीत एवढं मोठं भोक आहे आणि हे आपल्याला डब्यात भरतायत?"

भोक म्हणजे गुहा. तुमचं पार्क त्या गुहेवरच उभं आहे. आधी लोक गुहा बघायला यायचे, राइड नंतर आल्या. चौकाच्या वरच्या अंगाला तिचं लोखंडी फाटक आहे. आम्ही बसलो होतो तिथून दिसत होतं.

मी ट्रेसाला फोन लावला.

"मॉम, इथला माणूस सगळ्यांना हॉलकडे पाठवतोय."

"जायचं नाही. गुहेकडे ये."

"गुहा बंद आहे म्हणतोय तो."

"उघडायला लावतो. तू ये."

मागून मेलिन ओरडली, "मॅमॉ, जिममध्ये नाही जायचं असतं!"

"शहाणी माझी ती. आईला ओढत आण."

फाटकाला साखळी आणि साखळीला कुलूप होतं. शेजारी तुमची एक बाई उभी होती, माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी, पांढरे आखूड केस, छातीवर नावाची पट्टी: मार्डेल. आमच्यासारखीच बरीच माणसं तिथे जमली होती. कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या हातात ढकलगाडी.

"बंद आहे हो," ती म्हणाली. "विजा चमकायला लागल्या की बंद करायचा नियमच आहे. दिवे गेले तर पायऱ्यांवरून माणसं पडतात."

"बाई, पायऱ्यांवरून पडलेला माणूस उठतो," बॉइड म्हणाला.

"अहो, इकडे नाही येत टोर्नेडो. हे डोंगर फोडून टाकतात त्याला. माझ्या आजोबांनीसुद्धा कधी बघितला नाही."

"आजोबांना विचारून येणार होता का तो?"

लोक हसले. तीही हसली असती, पण तेवढ्यात पश्चिमेला वीज पडली आणि तिचं तोंड उतरलं. तिने कमरेचा वॉकीटॉकी काढला. मी तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होते, मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"सर, गुहेपाशी पुष्कळ माणसं आहेत. लहान मुलं आहेत. उघडू का?"

"नाही. गुहा बंदच राहील. सगळ्यांना हॉलमध्ये पाठव."

"सर, आकाश फार वाईट दिसतंय इथून."

"मार्डेल. ऐकलंस ना?"

पुरुषाचा आवाज. रागावलेला नव्हता, घाबरलेला तर मुळीच नव्हता. हॉटेलात टेबल रिकामं नाही असं सांगतात, त्या सुरात त्याने सांगितलं.

गारा सुरू झाल्या. आधी बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. ट्रेसा मेलिनला छातीशी घेऊन चढावर पळत येताना दिसली. तिच्या कपाळातून रक्त येत होतं आणि पोरीच्या एका पायात बूट नव्हता. मी तिला बोलावलं होतं. माझ्या शब्दावर ती उघड्यावरून पार्क ओलांडून आली होती, आणि माझ्यामागे कुलूप होतं.

"बाई," मी मार्डेलला म्हटलं, "ही माझी नात."

तिने मेलिनकडे पाहिलं. मग वॉकीटॉकीचं बटण दाबून तो बंद केला आणि खिशातून किल्ली काढली.

"गेली माझी नोकरी," ती म्हणाली. "चला. उजवीकडचा दांडा धरा. आणि ती ढकलगाडी इथेच ठेव गं पोरी, पोराला उचल."

माणसं आत उतरू लागली. बॉइड फाटकात उभा राहून पोरं आत देत होता, टँकरवरच्या नळ्या देतात तशी, एका हातातून दुसऱ्या हातात. ट्रेसा आणि मेलिन खाली गेल्या. आता आमचीच पाळी होती. तेवढ्यात त्याने उतारावर, चौकापलीकडे पाहिलं. हॉलच्या दाराशी तुमची माणसं हातातल्या विजेऱ्या हलवून लोकांना आत घेत होती. रीघ लागली होती.

"व्हर्ना, त्यांना माहीतच नाही गुहा उघडलीय ते."

"बॉइड, आत ये."

"कुणी सांगणारच नाही त्यांना."

"तू काय शेरीफ आहेस? ये आत!"

"आवाज आहे माझा. तू एवढी वर्षं बोंबलतेस, सगळ्या गावाला ऐकू जातो म्हणून."

"तो लाउडस्पीकर आहे ना त्यांच्याकडे!"

"तो नाही सांगणार," तो म्हणाला आणि निघाला. पळाला म्हटलं तर खोटं होईल. त्या गुडघ्यांवर तो डुलत, पाय ओढत, गारांत हात डोक्यावर धरून गेला.

आणि त्याचा आवाज आला. भोंग्यावरून, गारांवरून, त्या सगळ्या गोंधळावरून. "गुहा उघडी आहे! वर चला! डब्यातून बाहेर या रे!"

लोक यायला लागले. एकसारखे लाल टी-शर्ट घातलेलं एक मोठं कुटुंब आधी आलं, घरातली म्हातारी खुर्चीसकट उचलून. मग आणखी. मार्डेल आणि मी त्यांना हाताला धरून आत ओढत होतो. लाल शर्टवाल्या एका बाईने नंतर मला सांगितलं की दारात तुमच्या दोघांनी बॉइडचा दंड धरला होता. "सर, लोकांना घाबरवू नका." तो म्हणाला, "घाबरू देत की. घाबरलेला माणूस चालतो तरी." आणि त्यांना बाजूला सारून आत गेला, कारण स्टेजपाशी बसलेल्यांपर्यंत आवाज पोचत नव्हता. हॉलमध्ये भजनांची टेप लावून ठेवली होती, लोकांना बरं वाटावं म्हणून.

तिने त्याला पाहिलं ते तेवढंच.

दिवे गेले. कानांना दडे बसले. मार्डेलने आणि मी फाटक ओढलं आणि पायऱ्यांवर एकमेकींवर पडलो. त्यानंतरचा आवाज कसा होता ते मी लिहिणार नाही. अंधारात मेलिन विचारत होती, "पपॉ कुठे आहे?" मी म्हणत होते, "येतोय." खाली कुणाचं तरी बाळ रडत होतं.

बाहेर आलो तेव्हा झाडं उभी होती पण शेंडे नव्हते. लाकडी रोलर कोस्टर जागच्या जागी. हॉलच्या भिंती बाहेरच्या बाजूला पडलेल्या आणि सगळं छप्पर आत, जमिनीवर, पत्त्यासारखं सपाट.

बॉइड स्टेजजवळ सापडला. मला दाखवायला ते तयार नव्हते. मी म्हटलं, तो माझा आहे, मी बघणार. त्याच्या अंगाखाली एक माणूस जिवंत होता, पाय मोडलेला. तो अजून जिवंत आहे. दर रविवारी मला फोन करतो.

मार्डेल मयताला आली, मोठं भांडंभर चिकन-भात घेऊन. तुम्ही तिला त्याच आठवड्यात काढलंत. परवानगीशिवाय धोक्याची जागा उघडली, पाहुण्यांचा जीव धोक्यात घातला, असं तिला सांगितलंत. माझ्या स्वयंपाकघरात बसून ती म्हणाली, "नोकरीचं जाऊ दे गं. मी डोंगरांचं सांगत बसले, तेवढ्यात चार माणसं आणखी आत आली असती." मी तिला कॉफी दिली. ती रडली. मला तेव्हा रडू आलं नाही.

मग चौकशी झाली. तुम्ही कुणी आला नाहीत, वकील पाठवलात. पोरगेलासा, गुळगुळीत, मला मॅम मॅम म्हणणारा. माझ्याकडे बघत, अगदी हळू आवाजात तो बॉइडबद्दल म्हणाला, "मिस्टर टॅकेट सुरक्षित निवाऱ्यात पोचले होते. तो निवारा त्यांनी स्वतःच्या मर्जीने सोडला. त्याला आमचा इलाज नव्हता."

सुरक्षित निवारा म्हणजे कुठला? ती गुहा! जी तुम्ही उघडू दिली नाहीत ती. जी उघडली म्हणून एका बाईला हाकललंत ती. तिला सांगताना ती धोक्याची होते आणि मला सांगताना सुरक्षित होते?

मी त्याला तिथेच विचारलं. तो कागद चाळायला लागला. म्हणून आता तुम्हाला विचारते. तुम्ही, जे पडद्यांसमोर बसला होता ते, आणि तो, ज्याने मार्डेलला नाही म्हणून सांगितलं तो. गुहा धोक्याची होती, तर माझा नवरा सुरक्षित जागा सोडून मेला हे वाक्य मागे घ्या, भर चौकशीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. सुरक्षित होती, तर मग सगळी माणसं त्या पत्र्याखाली का पाठवलीत?

दोन्ही खरं असू शकत नाही. यातलं कुठलं खरं आहे?