टाकीची जागा

बाबांच्या होडीत पेट्रोलची टाकी कायम पायात यायची. शिडाची छोटी होडी, चार माणसं बसली की पाचव्याने मागून पोहत यावं एवढीच. वारा पडला तर परतायला मागे एक मोटर लावलेली, आणि तिची लाल टाकी मागच्या बाकासमोर, उघड्यावर, पट्ट्याने बांधलेली. तिच्यावर नडगी न आपटलेलं माणूस आमच्या घरात नाही. कुणी कुरकुर केली की बाबा सांगायचे, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली तळाशी जाऊन बसते, म्हणून टाकी वाऱ्यावरच बरी. शिवाय मोटर सुरू करण्याआधी गुडघे टेकून, तळाजवळ नाक नेऊन वास घ्यायचा. हा नियम त्यांनी शेवटपर्यंत पाळला.

बाबा गेल्यावर होडी दादाकडे आली. दादा सुतार. आयुष्यभर लोकांची कपाटं केलेली, त्यामुळे उघड्यावर पडलेली वस्तू त्याला बघवत नाही. यंदा त्याने मागच्या बाकाखाली लाकडी पेटी केली, टाकी आत ठेवली, वर झाकण आणि झाकणावर गादी. मी पाहताक्षणी तोंड सोडलं. बाबांनी सांगितलेलं विसरलास का, तुझ्या सांध्यातून कागद जात नाही तिथे वाफ कुठून जाणार? तो नुसता हसला. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद ठेवला की वाफ येतेच कुठे, आणि वास तर मी रोज घेणारच आहे, असं म्हणाला. दादाने एकदा खिळा ठोकला की ठोकला. मी नाद सोडला.

रविवारी सकाळी आम्ही दोघं निघालो. आदल्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. दादाने पेटी उघडली, गुडघे टेकले, डोकं आत घालून बराच वेळ तसाच राहिला. मग काही नाही, स्वच्छ आहे, असं म्हणून त्याने झाकण लावलं. मी दोन हात लांब बसले होते आणि पेट्रोलच्या वासाने माझं डोकं भणभणत होतं. मला वाटलं, चेष्टा करतोय. तेवढ्यात त्याने स्टार्टरच्या दोरीला हात घातला.

मी त्याचं मनगट धरलं. नखं रुतली असतील इतकं घट्ट.

"दादा, तुला वास येत नाहीये?"

त्याने दोरी सोडली.

"दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "त्या तापापासून. कशाचाच येत नाही."

करपलेलं दूध तो निमूट प्यायला, तेव्हा मी त्याला हसले होते. व्हार्निशच्या वासाने भरलेल्या खोलीत तो ढाराढूर झोपला, तेव्हा मी त्याला दगड म्हटलं होतं. आता ते सगळं माझ्याच अंगावर आलं.

आम्ही टाकी उचलून धक्क्यावर ठेवली. हवेचा स्क्रू उघडाच राहिला होता आणि पेटीचा तळ ओला चकचकीत झाला होता. एक ठिणगी पुरली असती. घाबरले की मी चिडते. वास येत नाही तर रोज वाकायचं नाटक कशाला, असं मी फाडकन विचारलं.

"नाटक नाही गं. एखाद्या दिवशी येईल म्हणून वाकतो. बाबांच्या होडीचा एक वास होता ना."

"मग टाकी पेटीत कोंडलीस कशाला?"

"तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. म्हटलं, तुला पाय लांब करून बसता आलं पाहिजे."

गादी कुणासाठी होती ते मला तेव्हा कळलं.

वहिनीला यातलं काही माहीत नव्हतं. कळलं तर ती होडी बंद करेल, ही त्याची भीती. घरात गॅस आहे, आज तू सांगतोस की मी सांगू, असं मी विचारलं. दुपारी त्यानेच सांगितलं. वहिनी रडली, मग भांडली, आणि शेवटी म्हणाली की नणंद बरोबर असल्याशिवाय त्याने होडीत पाय ठेवायचा नाही. सकाळी लवकर उठायचं माझ्या जिवावर येतं, हे कुणी विचारातच घेतलं नाही.

पेटीत आता दोर ठेवतो. टाकी पुन्हा उघड्यावर, पट्ट्याने बांधलेली. ती नेमकी माझ्या ऑपरेशनच्या गुडघ्याला लागते आणि मी हूं की चूं करत नाही. मोटर लावायच्या आधी दादा अजूनही स्वतः वाकतो. तो उठला की मी बाक धरून कशीबशी वाकते आणि पेट्रोलचा वास नाही म्हणून सांगते. तरी तो दोरी ओढत नाही.

"आणखी कसला येतोय?"

ओल्या दोराचा, मी सांगते. शेवाळाचा. तुझ्या शर्टाला साबणाचा.

"आणि लाकडाचा? बाबांच्या वेळचा?"

"येतोय," मी म्हणते, आणि मग तो दोरी ओढतो.