नऊ आणि नऊच

रुग्णवाहिकांच्या कंट्रोल रूममध्ये वायरलेसवर बसणाऱ्या बाईला सगळेच ताई म्हणायचे. ड्रायव्हर म्हणायचे, डॉक्टर म्हणायचे, तिच्याहून वयाने मोठे असलेले मुख्य साहेबही म्हणायचे. फक्त चार नंबरच्या गाडीवरचा अटेंडंट तिला वहिनी म्हणायचा, कारण तो तिचा सख्खा धाकटा दीर होता. घरात त्याला बारक्या म्हणत. दाराच्या चौकटीला डोकं आपटेल एवढा वाढला, तरी नाव काही वाढलं नाही. त्याला ही नोकरी मिळावी म्हणून ताईनेच साहेबांच्या मागे भुणभुण लावली होती, आणि पुढे त्याने तिचा शब्द राखला होता. हाताला हलका, डोक्याने शांत. वायरलेसवर मात्र वहिनी-भाऊजी चालत नसे. तिथे ती कंट्रोल आणि तो चार.

वायरलेसवर बोलायचं ते आकड्यांत. पेशंटचे नातेवाईक गाडीपाशी, जिन्यात, कान देऊन उभे असतात. त्यांच्यासमोर ‘गेला’ कसं म्हणणार? म्हणून कोड होते. तीन म्हणजे गंभीर आहे, घेऊन निघालोय. सहा म्हणजे पोलीस पाठवा. नऊ म्हणजे जीव गेलेला आहे, आता घाई नको. नियमावलीत एवढंच होतं. पण काम करता करता माणसांनी त्यात स्वतःची भर घातली होती. कधी गाडी एक आणि पेशंट दोन असायचे. कधी माणूस श्वास घेत असायचा, पण हात लावल्यावरच कळायचं की आता काही उपयोग नाही. तेव्हा गाडीवरचे म्हणायचे, “नऊच.” म्हणजे अजून आहे, पण गेल्यातच जमा धरा. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. बाहेरच्याला वाटावं, बोलणारा नुसता जोर देतोय.

एका दुपारी कागदाच्या गोदामाची मागची भिंत पडली. भिंतीलगत रचलेली कागदाची मोठाली रिळं घरंगळली आणि त्यांच्याखाली दोन माणसं सापडली. एक तरुण हमाल, आणि दुसरे वजनकाट्यावर बसणारे म्हातारे काका. चार नंबर सगळ्यात आधी पोचली.

“कंट्रोल, चार बोलतोय,” बारक्याचा आवाज आला. मागे लोकांचा गलका होता. “इथे दोन आहेत. एक तीन, मांडीतून रक्त थांबत नाहीये. दुसरा...” मध्ये नुसती खरखर. “दुसरा नऊच. तीनला घेऊन निघतोय. ओव्हर.”

“चार, समजलं. निघा.”

ताईसमोर भिंतीवर शहराचा नकाशा होता आणि त्यावर गाड्यांची रंगीत लोहचुंबकं. सात नंबरचं लोहचुंबक गोदामाच्या पलीकडच्याच रस्त्यावर होतं, आणि गाडी मोकळी होती. तिने माईकचं बटण दाबायला बोट पुढे केलं आणि तेवढ्यात बाजूचा फोन वाजला. एक बाई किंचाळत होती. पाण्याच्या टाकीत पडलेली तिची पोर आत्ताच बाहेर काढली होती, ओठ निळे पडले होते, श्वास अडकत होता.

ताईने बटण दाबलं आणि सात नंबर टाकीकडे पाठवली.

पोर वाचली. हमालही वाचला. काकांवर पांघरूण घालायला वाकलेल्या पोलिसाला त्यांची बोटं हललेली दिसली. त्याने आरडाओरडा करून त्यांना जीपमध्ये घातलं, पण दवाखान्याच्या पायऱ्यांवरच त्यांचा श्वास थांबला.

काकांच्या मागे एकच मुलगी होती. एका शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी, रसायनं सांभाळायचं काम करायची. तिने तक्रार केली. भरपाईचा शब्दही नव्हता तिच्यात. आपले वडील जिवंत आहेत हे त्या वेळी कुणाला माहीत होतं का, एवढंच तिला हवं होतं.

चौकशी बसली. बारक्याने जबाब दिला, “नाडी लागली नाही. धूळ होती, गलका होता. माझी चूक झाली.” जबाब देऊन आला तेव्हा ताईच्या टेबलापाशी थांबलाही नाही.

दोन दिवसांनी साहेबांनी ताईला केबिनमध्ये बोलावलं. खात्याचे वकील आधीच चहा घेत बसले होते.

“ताई, तुम्ही अगदी निर्धास्त राहा,” वकील म्हणाले. “तुम्ही नऊ ऐकलंत. नऊ म्हणजे मयत. मयताला दुसरी गाडी पाठवायची नसते. तुम्ही नियमावलीप्रमाणे वागलात. तुमच्यावर बोटही ठेवता येणार नाही.”

“आणि भाऊजींचं?”

“त्यांची चूक. माणसाच्या हातून होते. काही महिने घरी बसवतील, मग परत घेतील.” त्यांनी कप खाली ठेवला. “पण तो माणूस जिवंत आहे हे माहीत असून सोडून आले, असं कुणाच्या तोंडून निघालं, तर मात्र खातं बाजूला राहील आणि फौजदारी संहिता पुढे येईल. चुकीचं कलम वेगळं आणि जाणूनबुजून केल्याचं वेगळं.”

साहेबांच्या डोक्यामागे खात्याची आचारसंहिता चौकटीत लावलेली होती. कोणत्याही रुग्णास वाऱ्यावर सोडू नये, असं तिसऱ्या ओळीत ठळक लिहिलेलं होतं. ताईची नजर तिकडे गेलेली वकिलांनी पाहिली.

“ती वेगळी संहिता, ताई,” ते हसत म्हणाले. “तिच्यात कलमं नसतात, नुसत्या अपेक्षा असतात.”

साहेब हसले नाहीत. खिडकीबाहेर बघत म्हणाले, “टेपवरून उतरवून काढलेल्या कागदात ‘नऊ’च आलंय. म्हणजे, नऊ आलंय.” आणि त्यांनी कान खाजवला. ते स्वतः पंधरा-वीस वर्षं गाडीवर काढून साहेब झालेले होते. ‘नऊच’ म्हणजे काय, हे त्यांना ताईइतकंच माहीत होतं.

घरी त्या संध्याकाळी कुणी धड जेवलं नाही. ताईचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. जास्त बोलणारा माणूस नव्हता. तो ताटातला घास नुसता फिरवत राहिला. सासूबाईंनीच विषय काढला.

“एवढं काय त्यात? वकील सांगतो, साहेब सांगतो. नऊ तर नऊ. आपलं पोर वाचतंय ना?”

“आई, ते काका—”

“ते गेले गं बाई. काही बोललीस म्हणून ते उठून यायचे आहेत का?”

बारक्या दाराशी उभा होता. चौकटीला हात लावून, पाहुण्यासारखा. “वहिनी,” तो म्हणाला, “तू फक्त नऊ म्हण. बाकीचं मी बघतो.”

“भाऊजी, तुम्हाला नाडी लागली होती.”

“लागली होती. बारीक, सुतासारखी.” तो खाली बघत बोलत होता. “छाती पार आत गेली होती त्यांची. आणि पलीकडे तो पोरगा रक्ताने भिजलेला. गाडीत जागा एकाची. मी काय करायला हवं होतं, तूच सांग.”

“तुम्ही केलंत ते बरोबरच होतं.”

“मग? बरोबर होतं ना? मग चूक झाली म्हणू दे मला. सुटतो तरी.”

ताईला रात्रभर ते टोचत राहिलं. बरोबर केलेल्या माणसाने चूक झाली म्हणायचं, आणि मग सगळं सुरळीत. आणि तिने स्वतः? तिची बाजू तर धुतल्या तांदळासारखी होती. सात नंबरबद्दल तिला कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं, कारण मेलेल्या माणसासाठी गाडी मागायची नसतेच. तिने बारक्यालाही सांगितलं नव्हतं. तो बिचारा अजून समजत होता की त्या दुपारी दुसरी गाडी जवळपास नव्हतीच.

चौकशीच्या दिवशी व्हरांड्यातल्या बाकावर काकांची मुलगी बसली होती. ताई दारावरच्या शिपायाशी बोलली, तेव्हा तिने तिला आवाजावरून ओळखलं. टेप तिला आधी ऐकवली होती. ती सरकली आणि तिने बाकावर जागा करून दिली.

“एक विचारू का?” ती म्हणाली. “तुम्ही रोज हेच ऐकता. तो नऊ म्हणताना मध्ये थांबलाय. सरळ मेलेला असता तर थांबला असता का हो?”

“आत सांगते,” ताई म्हणाली.

चौकशीला एक निवृत्त न्यायाधीश होते, सावकाश बोलणारे. त्यांनी टेप लावायला सांगितली. खोलीत बारक्याचा आवाज, मग खरखर, मग पुन्हा आवाज. न्यायाधीशांनी समोरचा कागद पाहिला.

“इथे नऊ असं उतरवलंय. तुमच्या कोडमध्ये नऊचा अर्थ काय?”

“मृत्यू झालेला आहे, साहेब.”

वकिलांनी मान डोलावली. बारक्याने खुर्चीत पाठ टेकली.

“पण ते नऊ म्हणालेले नाहीत,” ताई म्हणाली. “ते ‘नऊच’ म्हणाले.”

“मग? नुसता जोर दिला.”

“नाही साहेब. आमच्यात त्याचा अर्थ वेगळा आहे. अजून जीव आहे, पण वाचायचा नाही, असा. सगळ्यांना माहीत आहे. मलाही कळलं होतं.”

खोलीत कुणाची तरी खुर्ची करकरली. वकील उभे राहिले. न्यायाधीशांनी त्यांना हाताने बसवलं.

“म्हणजे ते जिवंत होते हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?”

“हो. आणि सात नंबरची गाडी पलीकडच्या रस्त्यावर मोकळी होती. मी ती तिकडे पाठवणार होते. तेवढ्यात टाकीत पडलेल्या त्या मुलीसाठी फोन आला. मी तिकडे पाठवली. अटेंडंटला काही ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडे एकच गाडी होती, माझ्याकडे दोन होत्या.”

तिने बारक्याकडे पाहिलं नाही, पण त्याचा श्वास तिला ऐकू आला. वायरलेसवर बसून बसून तिला माणसांचे श्वास ओळखू यायचे.

बाहेर आल्यावर काकांची मुलगी पुन्हा त्याच बाकावर होती. ताई तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. ती रडेल, ओरडेल, असं ताईला वाटत होतं.

“वाटलं होतं, कळलं की बरं वाटेल,” मुलगी म्हणाली. “आधी निदान ते एका चुकीने गेले होते. आता कुणीतरी ठरवून...” तिने हात उडवला. “त्या पोरीचं वय काय?”

“चार.”

ती उठली आणि जिना उतरून गेली. ताईला ती पुन्हा भेटली ती कोर्टातच.

कारण कोर्ट झालंच. वकील म्हणाले होते तसं खातं बाजूला झालं आणि ताई आणि बारक्या दोघांवर खटला उभा राहिला. दोघांचीही नोकरी गेली. सासूबाई धाकट्याबरोबर दुसरीकडे भाड्याच्या खोलीत राहायला गेल्या, जाताना सुनेशी बोलल्या नाहीत, फक्त मोठ्या मुलाला म्हणाल्या, “पंखा आवाज करतोय, बघ जरा.” नवरा ताईला एका शब्दानेही बोलला नाही, आणि तेच तिला सहन व्हायचं नाही. एकदा ती म्हणालीच, “बोला तरी काहीतरी.” त्याने हातातली पक्कड खाली ठेवली. “काय बोलू? तो माझा भाऊ आहे आणि तू माझी बायको. मला तुझ्या जागी बसवलं असतं तर मी नऊ म्हणालो असतो. एवढं मला माझ्याबद्दल ठाऊक आहे.” आणि त्याने पुन्हा पक्कड उचलली.

खटला लांबत गेला. शेवटी न्यायालयाने दोघांनाही सोडलं. गाडी एक आणि जखमी दोन असताना ज्याला वाचवता येईल त्याला उचलणं हा गुन्हा नाही, आणि ताईने गाडी पाठवली तीही एका मरणाऱ्या जिवाकडेच, असं निकालात म्हटलं होतं. पण नियमावलीत नसलेल्या शब्दावर माणसाचा हिशोब मिटवायची सवय खात्याने खपवून घेतली, यावर ताशेरे होते. खात्याने आकडेच बंद केले. आता गाडीवरची पोरं सरळ भाषेत बोलतात, आणि नातेवाईक ते ऐकतात. त्यातली काही ताईला रस्त्यात भेटली की सांगतात, “ताई, पूर्वीचं बरं होतं.”

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या फाटकाबाहेर रसाची एक गाडी होती. ताई नवऱ्याची वाट बघत तिथे उभी होती, तेव्हा बारक्या आला. वाळला होता. दोघांत एवढे दिवस शब्द नव्हता.

“वहिनी,” तो म्हणाला, “सात नंबर मोकळी आहे, हे तू मला वायरलेसवर का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही मागितली असती.”

“मागितलीच असती.”

“आणि मी तुम्हाला नाही म्हणू शकले नसते, भाऊजी. मग ती पोर गेली असती.”

बारक्या रस्त्याकडे बघत राहिला. एक बस आली, माणसं उतरली, बस गेली.

“म्हणजे माझ्यासाठी ठरवलंस.”

“हो.”

“आणि नंतर चौकशीतही माझ्यासाठी तूच ठरवलंस.”

तो रागात नव्हता, आणि त्यामुळेच तिला जास्त लागलं. समोरून नवरा येताना दिसला. भाऊ दिसताच त्याची पावलं जरा अडखळली, मग तो चालत आला आणि दोघांच्या मधे उभा राहिला.

“आई कशी आहे?” त्याने विचारलं.

“गुडघे दुखतात,” बारक्या म्हणाला. “जिना चढवत नाही. खालच्या मजल्यावर खोली बघतोय.”

“मी पण बघतो,” नवरा म्हणाला.

बारक्याने मान हलवली आणि तो बसथांब्याकडे निघाला. ताई तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली. मग नवरा म्हणाला, “चल,” आणि ती त्याच्या मागोमाग चालू लागली.