नववा कोण?

सासूबाईंनी वायफायचा पासवर्ड आजवर कुणाला नाकारला नव्हता. दारात आलेल्याला पाणी विचारावं तितक्या सहज त्या तो सांगून टाकत. परिणामी इमारतीतल्या निम्म्या बिऱ्हाडांना त्यांच्या नातीचं नाव आठवत नसे, पासवर्ड मात्र तोंडपाठ होता.

आता तोच पासवर्ड सुनेच्या मुळावर आला होता. ती दवाखान्याचं काम करायची. डॉक्टरांनी रेकॉर्ड करून ठेवलेले अहवाल ऐकून टाइप करायचे. बाळंतपणाची रजा संपत आली होती, आणि आठ महिन्यांची लेक बाटली तोंडाजवळही येऊ देत नव्हती. घरून काम करायची परवानगी होती, पण एका अटीवर. रुग्णांची माहिती ज्या वायफायवरून जाईल, ते घरच्यांशिवाय कुणाच्या हाती नको. उद्या दवाखान्याचा तपासनीस फोन करून खात्री करणार होता. नापास झाली, तर सोमवारपासून रोज आठ तास लेकीपासून लांब.

"आई, पासवर्ड बदलावा लागेल."

"बदल की. नवा काय ते सांग, म्हणजे सगळ्यांना कळवून टाकते."

सुनेने कपाळावर हात मारला. "कळवायचा नाही, म्हणून तर बदलायचा!"

"अगं, शेजारचे शिंपीभाऊ त्यावरच परगावच्या त्यांच्या लेकीचं तोंड बघतात. कुणाचं काय बिघडतंय?"

सुनेने लेकीला मांडीवर घेतलं आणि कॉम्प्युटरवर राउटरचं पान उघडलं. आत जायला नाव आणि पासवर्ड मागितला गेला. तिने राउटरच्या पोटाशी चिकटवलेल्या कागदावरचे दोन शब्द टाकले, आणि पान सुरकन उघडलं.

"बघा! पाच वर्षं कारखान्यातून आलं तेच कुलूप. या बनावटीच्या प्रत्येक डब्याला हीच किल्ली लागते."

"मग तू इतकी शिकलेली, तू का नाही बदललंस?"

सुनेने घाईघाईने वायफायला जोडलेल्या फोन-कॉम्प्युटरांची यादी उघडली. या घडीला वायफायवर नऊ जण होते. सासूबाईंनी चष्मा चढवला आणि फौजदाराच्या थाटात बोट फिरवायला सुरुवात केली.

"हे आपले चार. हा शिंपीभाऊंचा. हा मास्तरीणबाईंचा, त्यांच्याइतकाच जुना. हा वरच्या बासरीवाल्याचा. हा दातांच्या डॉक्टरीणबाईंचा. त्यांचं वायफाय दुधाच्या दातांसारखं सारखं पडतं बिचारीचं."

"आणि नववा?"

बोट थांबलं. सासूबाई चपला घालून बाहेर पडल्या. तीन मजले चढून-उतरून, प्रत्येक घरातले फोन मोजून धापा टाकत परत आल्या.

"कुणाचाच नाही गं. आणि मी तर याला दिलेलाच नाही!"

"म्हणजे कुणीतरी परस्पर घुसलंय."

"परस्पर?" सासूबाईंचा चेहरा लाल झाला. "मागितला असता तर मी नाही म्हटलं असतं का? दार वाजवायची रीत नाही? काढ त्याला! आत्ताच्या आत्ता!"

सुनेच्या कानीकपाळी ओरडण्याने जे साधलं नव्हतं, ते या आगंतुकाने एका क्षणात साधलं. राउटरची किल्ली बदलली. वायफायला लांबलचक नवा पासवर्ड आला. बाहेरून राउटर चालवायची एक सोय सताड उघडी होती, ती बंद झाली. पाच वर्षांच्या साचलेल्या सॉफ्टवेअरच्या सुधारणा राउटरने एका दमात गिळल्या, तेव्हा सगळे दिवे विझले आणि सासूबाई म्हणाल्या, "गेला वाटतं!" दिवे परत लागले तशी लेकीने टाळ्या पिटल्या.

शेजाऱ्यांसाठी सुनेने वेगळं वायफाय काढून दिलं. "पाहुणे बैठकीत बसतील, कपाटाची किल्ली आपल्याकडे. हा पासवर्ड खुशाल वाटा. घरचा मात्र कुणालाही नाही."

"कळलं गं. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

दुसऱ्या दिवशी तपासनिसाचा फोन अर्धा तास आधीच आला. सून लेकीला अंघोळ घालत होती. फोन सासूबाईंनी उचलला.

"तपासनीस का? बोला, बोला... घरचा पासवर्ड? आहे ना!"

सुनेच्या हातातला साबण निसटला. पण फेसाने माखलेली लेक सोडून धावणार कशी?

"पण तुम्हीच तपासनीस कशावरून? आवाज गोड आहे हो तुमचा, पण आवाज ऐकून कुणी किल्ली देतं का? ... बरं, सर्दी झालीय का तुम्हाला? वाफ घ्या, दोनदा. ... नाही, पहिलं अक्षरसुद्धा नाही! पाहुण्यांचा देते हवा तर."

सून लेकीला टॉवेलात गुंडाळून धावत आली आणि तिने फोन हिसकावून घेतला. पलीकडे तपासनीस हसत होता.

"मी सगळ्यांनाच विचारून बघतो, बाई. बहुतेक जण सांगून मोकळे होतात. आता घरच्या वायफायवर कोण कोण आहे, ती यादी पाठवा."

तिने पाठवली. चारच नावं होती. तो पाच मिनिटं कळफलकावर खटखट करत राहिला, मग म्हणाला, "सोमवारपासून घरूनच करा काम."

सून होती तिथेच फरशीवर बसली. लेकीने ओल्या हातांनी तिचा गळा पकडला आणि दुधासाठी धडपड सुरू केली.

"आई, पास झालात तुम्ही!"

सासूबाई मात्र हिरमुसल्या होत्या. "इतका सर्दीने बेजार झालेला माणूस, आणि मी त्याला तोंडावर नाही म्हटलं गं."