खालची खोली रिकामी आहे

धाकट्या बहिणीचं पत्र येऊन अडीच महिने झाले होते. "दादा, वादळं सुरू व्हायच्या आत वहिनीला घेऊन ये. आमचं गाव उंचावर आहे, समोरच्या दवाखान्यात जनरेटर आहे. खालची खोली रिकामी केली आहे. हो की नाही, दोन ओळी लिही."

तिला ऐकू येत नसे, त्यामुळे फोनचा प्रश्नच नव्हता. आणि जन्मभर ग्रंथालयात दुसऱ्यांची पुस्तकं जागेवर लावणाऱ्या ग्रंथपालांना त्या दोन ओळी काही जमेनात. 'नको' लिहावं तर तोरा वाटेल, 'येतो' लिहावं तर तिच्या गळ्यात पडल्यासारखं होईल. शेवटी पत्र शब्दकोशात गेलं आणि बायकोला त्यांनी सांगून टाकलं, "कळवलंय मी."

गेल्या हिवाळ्यापासून बायकोच्या नाकात नळी होती. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र घुरघुरायचं. नळी पोचेल तेवढंच तिचं जग. त्यात वादळासाठी खिडक्यांवर फळ्या ठोकलेल्या, दुपारीही दिवा लावावा लागे.

"पेटीत घालून ठेवलंय मला," ती म्हणायची.

"यंदा छपरावर सोलर आहे ना! वीज गेली तरी आपल्याला ढिम्म फरक पडणार नाही."

मोसम तोंडावर आला तशी सोलरवाली बाई तपासणीला आली. पॅनलांचे क्लॅम्प आवळले, गंजू लागलेले बोल्ट बदलले, लोंबणाऱ्या वायरी बांधल्या. खाली उतरून म्हणाली, "काका, पॅनल आता उडायचे नाहीत. मेन स्विच बंद करून बघते. आत महत्त्वाचं काही चालू नाही ना?"

"करा की खुशाल! आमचं सगळं उन्हावर चालतं."

स्विच खाली आला. पंखा मंदावला. आतून मशीन कर्कश किंचाळलं आणि ग्रंथपालांच्या तोंडचं पाणी पळालं. ते "अहो, अहो" करेपर्यंत बाईनं स्विच वर केला आणि ती आत धावली. बायको खोकत होती, पण मशीन पुन्हा घुरघुरू लागलं होतं.

"काका, असलं मशीन आहे हे आधी सांगायचं नाही का?"

"पण ऊन तर रखरखीत पडलंय..."

"तुमच्याकडे बॅटरी कुठाय? बाहेरची वीज गेली की सोलर आपोआप बंद पडतं. नाहीतर तुमची वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावर चढलेला माणूस मरेल. सोलरच्या पुस्तकात लिहिलंय की!"

पुस्तक कपाटात होतं, खाकी कव्हर घालून, क्रमांक टाकून. एकोणिसाव्या पानावर ते वाक्य सापडलं. त्याखाली पट्टीनं मारलेली पेन्सिलची सरळ रेघ होती.

"अहो, वाचलंय की तुम्ही!"

"रेघ मारलीय," ग्रंथपाल खालमानेनं म्हणाले. "बॅटरी बसवता येईल?"

"येईल, पण मागणी इतकी आहे की वादळं सरल्यावरच मिळेल. सिलिंडर किती आहेत?"

"एक. आठ तासांचा."

गेल्या वर्षी वादळानंतर वीज अकराव्या दिवशी आली होती.

पलंगावरून बायकोनं विचारलं, "नणंदबाईंना कळवलं होतंत ना? मग काय म्हणाल्या त्या?"

ग्रंथपालांनी शब्दकोश काढला आणि पत्र तिच्या हातात दिलं. तिनं ते सावकाश वाचलं.

"शब्दकोशात ठेवलंत! मी मेले तरी जो उघडणार नाही, नेमकं तिथं."

"मला वाटलं, तिच्यावर ओझं..."

"ओझं मी होणार. लाजताय कशाला तुम्ही? घ्या कागद. मी सांगते, तुम्ही लिहा."

तिनं धापा टाकत सांगितलं, त्यांनी लिहिलं : "आम्ही दोघं पुढच्या सोमवारी येतो. पलंग स्विचजवळ ठेव."

"द्या, वाटेतच टपालपेटी आहे," सोलरवाली म्हणाली.

"नको. मी तुम्हाला फाटकातून परत बोलावीन. त्यापेक्षा पाच मिनिटं हिच्यापाशी बसाल?"

कोपऱ्यावरच्या पेटीपाशी पाकीट अर्धं आत, अर्धं बाहेर धरून ते बराच वेळ उभे राहिले. 'येतो' बरं दिसतं की 'येऊ का' लिहायला हवं होतं? मागून कुणीतरी म्हणालं, "काका, टाकताय ना?"

"हो, हो," ते म्हणाले, आणि पाकीट सोडलं.