टोकावरची जागा

खांद्यातली कळ आता पाण्यात उतरण्याआधीच सुरू व्हायची. पूर्वी ती निदान खडक ओलांडेपर्यंत थांबत असे. उलूवेहीने गाडीच्या टपावरून लाटांवर स्वार व्हायची फळी काढायला डावा हात वर नेला, तो कानाच्या उंचीवर अडला, तसा तिने तो खाली घेतला आणि उजव्या हाताने फळी ओढून काढली.

"येऊ का उचलायला?" किआवेच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसलेला मोकी ओरडला.

"तू आधी खुर्चीतून उठून दाखव."

"उठतो की. परत बसवायला कोणीतरी लागतं, एवढंच."

मोकीच्या खुब्यात आता धातूचा सांधा होता. तो आणि उलू शाळकरी वयापासून एकाच पाण्यात वाढले होते. गेल्या वर्षी त्याने आपली फळी पुतण्याला देऊन टाकली आणि खुर्ची घेतली. रोज सकाळी तो इथे येऊन बसे, थर्मासमधली कॉफी पिई आणि कोणाची लाट कशी होती यावर न विचारता मत देई.

"आज पाणी जड आहे," तो म्हणाला. "जाऊ नकोस असं म्हणत नाही मी."

"मग काय म्हणतोस?"

"काही नाही. कॉफी गरम आहे, एवढंच म्हणतो."

उलूने फळीवर मेण घासलं, फळीची दोरी पायाला बांधली आणि ती पाण्यात शिरली. टोकापर्यंत हाताने वल्हवत जाताना तिने दोनदा हनुवटी फळीवर टेकून दम खाल्ला, आणि दोन्ही वेळा आपण समोरच्या लाटा निरखतोय असं दाखवलं.

उपसागराच्या उत्तर टोकाला पाण्याखाली खडकाची एक जीभ आहे. हिवाळ्यात वायव्येकडून येणारी लाट आधी तिच्यावर अडखळते, उभी राहते आणि मग दक्षिणेकडे फुटत जाते. त्या जिभेच्या कडेला जो बसतो त्याला लाट सगळ्यांच्या आधी मिळते. दुसरीकडे अशा जागेसाठी रेटारेटी चालते. इथे ती जागा माणसाची असते, आणि ती वयाने आणि पाण्यात घालवलेल्या वर्षांनी मिळते. सध्या ती उलूची होती. तिच्याआधी तिच्या थोरल्या भावाची होती आणि त्याच्याआधी चुलत्याची. उलूने फळीचं तोंड किनाऱ्याकडे वळवलं की बाकीचे हात पाण्याबाहेर काढून बसत. परगावचा कोणी चुकून वल्हवू लागला तर कोणीतरी एक शीळ घाली, आणि तेवढी पुरे होई.

तिची आजी सांगे, फार पूर्वी सरदारांच्या आणि राण्यांच्या लाटा वेगळ्या असत, आणि त्यांच्या लाटेवर पाय ठेवणाऱ्याचा जीव जाई. मग या बेटांवर जहाजांतून पाद्री आले. उघड्या अंगाच्या बाया आणि पुरुष एकाच लाटेवरून येतात हे त्यांना बघवेना, आणि पुष्कळ किनाऱ्यांवर फळ्या चुलीत गेल्या. "आपल्याकडे चुलीला किआवे होता," आजी म्हणे. "फळ्या जाळायची पाळी आली नाही." ते झाडही कुठल्याशा पाद्र्यानेच आणलेलं, हे ती मुद्दाम जोडी.

"आँटी आली. सरका रे," काउई म्हणाली. ती उलूच्या त्याच थोरल्या भावाची मुलगी. हमरस्त्याच्या कामावर निशाण धरून गाड्या थांबवायची तिची नोकरी होती, आणि आवाजही तसाच होता. तिच्या पलीकडे काविका बसला होता, विमानतळावर सामान चढवणारा, दाराएवढा रुंद. उलू शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती तेव्हा तो रोज दुसऱ्यांदा ताट घेऊन उभा राहायचा आणि पहिल्यांदाच आल्यासारखा चेहरा करायचा.

त्या दोघांपासून जरा दूर केपा होता. साठी ओलांडलेला, तोंडाने कडू. वर्षांच्या हिशेबाने उलूनंतर त्याचाच क्रम होता.

"कसं काय, केपा?"

"बरं चाललं होतं, तू येईपर्यंत."

हा त्याचा नमस्कार होता.

लाटांचा पहिला जथा आला. उलूने दुसरी लाट निवडली. निवड अजून चुकत नव्हती, डोळे ठीक होते. तिने फळी वळवली, सगळे थांबले, आणि ती वल्हवू लागली. लाट कोणाला ओढून नेत नाही. ती आपल्या वेगाने येते, आणि ज्याचा वेग तिच्या वेगाच्या जवळपास पोचलेला असेल त्याला सोबत घेते. बाकीच्यांना ती नुसती उचलते, खाली ठेवते आणि पुढे जाते. हा हिवाळाभर उलू उचलली जात होती आणि खाली ठेवली जात होती. आताही तेच झालं. लाट तिच्या पोटाखालून सरकली, पुढे जाऊन सुरेख फुटली आणि कोणालाही न घेता किनाऱ्याला गेली. तिच्या मागे काउई होती, काविका होता, केपा होता. कोणीही हात बुडवला नाही. आँटीने मागितलेली लाट आँटीने सोडली तरी दुसऱ्याने घ्यायची नसते.

"बसकी होती ती, आँटी," काउई म्हणाली.

"पुढे एकदम कोसळून बंदच झाली असती," काविका म्हणाला.

केपा क्षितिजाकडे बघत राहिला.

उलू परत जागेवर आली. खांद्यातली कळ आता कोपरापर्यंत उतरली होती. एवढा थकवा झोपेने जात नाही हे तिला ऑक्टोबरातच कळलं होतं. तरी पहाटे जाग आली की ती उठे, कारण न उठण्याचा दुसरा अर्थ तिला माहीत होता. टोकावर नसलेली उलू कशी असते, ती सकाळी काय करते, कुठे बसते, हे तिने कधी पाहिलं नव्हतं.

पुढचा जथा मोठा होता. तिसरी लाट दुरूनच काळी दिसत होती. उलू वळली. वल्हवताना तिने खांद्याकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं आणि ते काही तिला जमलं नाही. फळीचं शेपूट वर उचललं गेलं. आता एक वल्हं, आणखी एक. आता लाट खाली ठेवणार. आणि त्याच क्षणी फळी पुढे सुटली.

उभं राहायचं कसं हे पायांना आठवत होतं. लाटेची भिंत उजवीकडे गुळगुळीत उभी राहिली. उलूने गुडघे वाकवले, फळी त्या भिंतीच्या अंगावर आडवी घातली आणि एका पावलाने पुढे सरकली, मग आणखी एका. मागे पाणी कोसळत होतं आणि पुढे ते अजून फुटायचं होतं, आणि ती बरोबर त्या दोहोंच्या मध्ये होती. टोकावरून आरोळ्या ऐकू आल्या. गेल्या दोन हिवाळ्यांत तिला अशी लाट मिळाली नव्हती. उपसागराच्या मध्यावर पोचेपर्यंत ती काहीही विचार न करता गेली.

मग विचार आला. स्वतःच्या हातांनी फळी सुटते तेव्हा जोर एकदा डावीकडून येतो, एकदा उजवीकडून, आणि फळी किंचित डुलते. हा जोर मधोमध आला होता, सरळ, आणि एकदाच. लाटेवर उभं राहायला शिकणाऱ्या हजारो पोरांना आणि पाहुण्यांना तिने स्वतः असाच दिला होता. तो बाहेरून कसा दिसतो हे तिला ठाऊक होतं. आतून कसा लागतो ते आज कळलं.

लाट वाळूपर्यंत पोचली तेव्हा मोकी टाळ्या वाजवत होता. "याला म्हणतात लाट! पुढचा पाय जरा लवकर टाकलास, पण जाऊ दे."

उलू त्याच्या खुर्चीजवळ वाळूत बसली. "माझ्या मागे कोण होतं?"

मोकीने थर्मासचं झाकण उघडलं. "दिसलं नाही बुवा. ऊन डोळ्यांवर होतं."

"सकाळची वेळ आहे, मोकी. ऊन तुझ्या पाठीवर आहे."

त्याने कॉफी ओतली आणि तिच्या हातात दिली. "काविका," तो म्हणाला. "हळूच ढकललं गं त्याने. जीव लावून."

"ते कळलं मला."

थोड्या वेळाने काउई आणि काविका फळ्या काखेत धरून आले. काउई हसत होती. काविका उलूचा चेहरा बघून जागीच थांबला.

"आँटी, मी नुसता हात लावला."

"कुठे?"

"शेपटाला."

"आणि पाण्याखाली पाय मारलेस की नाही?"

"मारले थोडे."

"मग नुसता हात लावला म्हणू नकोस."

"कोणी बघितलं नाही, आँटी," काउई म्हणाली. "आणि बघितलं तरी कोण बोलणार आहे?"

"तेच तर. हिवाळाभर कोणी बोललं नाही. लाट बसकी, वारा आडवा, पुढे बंद होणार. समुद्रात इतके दोष मी जन्मात ऐकले नव्हते."

काउईने मान खाली घातली. मग ती वाळूत उलूसमोर उकिडवी बसली आणि निशाण धरणाऱ्या आवाजाऐवजी घरातल्या आवाजात म्हणाली, "मग ऐक. तो रोज ढकलेल. तो नसेल तर मी ढकलेन. तुला लाट मिळेल आणि जागाही राहील. कोणाचं काय जातं?"

उलूला मोह झाला नाही असं नाही. लाट खरीच चांगली होती. पायांना अजून तिचा वेग जाणवत होता. रोज अशी एक मिळाली तर अंथरुणातून उठण्याला अर्थ होता. फक्त मागे वळून बघायचं नाही, एवढंच सांभाळावं लागलं असतं.

"काविका," ती म्हणाली, "लहानपणी तू टोकावर बसायला आला होतास. मी काय विचारलं होतं?"

"लाट स्वतः घेतलीस की कोणी ढकललं, असं."

"मग?"

"मोकी अंकलनी ढकललं होतं. तुम्ही मला परत आत पाठवलंत, बारक्या पोरांत. अख्खा हिवाळा."

"रडलास?"

"तुमच्यासमोर नाही."

"ढकललेल्याने टोकावर बसायचं नाही. मग मला वेगळी सूट कशी?"

"तुम्ही आँटी आहात," काविका म्हणाला.

उलूने कॉफी संपवली.

"माझ्याशेजारी दुसरी खुर्ची टाकू?" मोकीने विचारलं.

"आणि दिवसभर तुझी मतं ऐकू?"

ती उठली आणि तिने फळी उचलली. जागा अशी सोडून जाता येत नव्हती. रिकामी राहिली असती तर आठवडाभरात तिथे कोणीतरी कोणाच्या कानाखाली दिली असती. जागा द्यावी लागते, तोंडाने, आणि पाण्यात.

ती खोल पाण्याच्या वाटेने निघाली. काउई एका बाजूला, काविका दुसऱ्या. ती दम खायला थांबली की तेही थांबत आणि क्षितिज बघत. एकदा काविकाचा हात तिच्या फळीकडे आला.

"हात मागे," उलू म्हणाली.

टोकावर केपा होता तिथेच होता, तिच्या जागेच्या जरा अलीकडे. उलू जागेवर गेली, फळीवर उठून बसली आणि श्वास थाऱ्यावर येईपर्यंत थांबली.

"केपा, इथे बस."

"का? खडक टोचतोय?"

"मघाची माझी लाट ढकललेली होती."

"माहीत आहे. मी बघितलं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर म्हणाली असतीस, याचा जागेवर डोळा आहे."

"होताच ना?"

"होता की. वीस वर्षं." केपाने तोंडावरून पाण्याचा हात फिरवला. "उद्या बसतो."

"आत्ता."

"आत्ता तिथे तू आहेस."

मग ती निघाली. चार-पाच वल्ही मारून ती बाजूला झाली आणि तिने वळून पाहिलं. केपाने बराच वेळ काही केलं नाही. मग तो दोन वल्ही पुढे आला आणि थांबला, जागेच्या अलीकडे, जणू अजून कोणी तिथे बसलेलं होतं.

"अजून पुढे, केपा," उलू म्हणाली. "तिथून चुकेल तुझी."

तो पुढे सरकला. तिने खडकाची जागा सांगणाऱ्या किनाऱ्यावरच्या खुणा बघितल्या; डोंगराची कड आणि पाण्याच्या टाकीचा कोपरा एका रेषेत आले आहेत का ते ती आता होती तिथून दिसणं शक्य नव्हतं, तरी तिने बघितलं आणि मान हलवली. जथा येत होता. केपाने फळी वळवली. काउईने हात पाण्याबाहेर काढले, काविकाने काढले, आणि उलूच्या लक्षात आलं की तिनेही काढले होते.

केपाने लाट घेतली. तो काही देखणा उभा राहत नसे, बोजा उचलल्यासारखा उभा राही. पण लाट रिकामी गेली नाही.

उलू आतल्या बाजूला आली, जिथे मोठ्या लाटा फुटून विझतात आणि पांढरं पाणी कमरेएवढं होऊन येतं. तिथे शाळेला सुट्टी असलेली पोरं मऊ फळ्या घेऊन एकमेकांना ढकलत होती. तिला पाहून त्यांचा गोंगाट थोडा कमी झाला. पोरींनी सरकून जागा केली. "नको, करा तुमचं," ती म्हणाली, आणि गोंगाट परत सुरू झाला.

तिने फळी वळवली. इथलं पाणी सावकाश येतं. तिने वल्हं मारलं, डावीकडे एक, उजवीकडे एक, फळी डुलली, आणि पांढऱ्या पाण्याने तिला घेतलं. उभं राहायची ताकद उरली नव्हती. ती पोटावर पडूनच आली, थेट वाळूत शिरेपर्यंत.

फळीवर गाल टेकून ती पडून राहिली. पाणी मागे गेलं, परत आलं आणि तिला वीतभर वर सरकवून गेलं.

"ही कोणी ढकलली?" झाडाखालून मोकी ओरडला.

हात हलवून कोणी नाही असं सांगायचं तिच्या मनात होतं, पण हात काही केल्या उचलेना. तिने ते उत्तर पुढचं पाणी येईपर्यंत लांबणीवर टाकलं.