दीनाबाईंची त्रिकोणी काच

मित्रांनो, केडगावात पुणे रस्त्यावरून आत वळलं की एका पत्र्याच्या शेडमध्ये सायीच्या रंगाची जुनी फियाट दिसते. ती मीच. येणारेजाणारे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. या वयात माझं किती छान चाललंय, असं त्यांना वाटतं. वाटू द्या.

मुंबईच्या कारखान्यातून मला शमुवेल सरांनी आणलं. सर शाळेत गणित शिकवायचे, पण गाडीत किती माणसं मावतात हा हिशेब त्यांना कधीच जमला नाही. रविवारी चर्चला निघताना गल्लीतलं कोणीही आत शिरायचं. दार लागलं नाही की सर ओरडायचे, "सगळ्यांनी श्वास सोडा रे, मग लागेल!" आणि खरंच लागायचं.

एक जागा मात्र कोणाला मिळायची नाही. सरांच्या शेजारची. ती त्यांच्या पत्नीची, दीनाबाईंची. बंद गाडीत त्यांना मळमळायचं. माझ्या पुढच्या दाराला मोठ्या काचेच्या पुढे एक छोटी त्रिकोणी काच आहे. तिची खिट्टी फिरवून काच तिरकी केली की वारा थेट तोंडावर येतो. दीनाबाई बसल्या की आधी खिट्टी फिरवायच्या. मग समोरच्या कप्प्यातली आवळासुपारीची डबी काढायच्या. मग म्हणायच्या, "हं, चला." त्याशिवाय सर गिअर टाकत नसत.

माझं इंजिन वळणावर जरा खोकायचं. तो खोकला ऐकला की दीनाबाई हातातला झारा तसाच ठेवून फाटक उघडायला यायच्या. इतक्या गाड्या जायच्या, पण त्यांची कधी चूक झाली नाही.

पुढे सर गेले आणि माझ्यावर ताडपत्री आली. मागच्या सीटवर मांजर व्यायलं. दीनाबाईंनी त्याला हाकललं नाही, उलट वाटीभर दूध आणून ठेवलं. दिवस पडीक होते, पण त्या दिवसांत मला कोणी फसवलं नाही.

मग एके दिवशी सरांचा मुलगा बेंजामिन आला. ताडपत्री ओढून माझ्यात बसला आणि मोबाईलवर कोणालातरी म्हणाला, "जुनी गाडी आणि वर एसी! भाड्याने न्यायला नवरदेव रांगा लावतील बघ." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. तोच बेंजामिन दहा पावलांवर घरात गेला आणि त्याचं बोलणं बदललं.

"आई, संगमनेरला मार्था मावशी आजारी आहे ना? गाडीला एसी बसवतो, तुला गारेगार नेतो. गाडी तुझ्या नावावर आहे, तेवढी इंजिन बदलायला सही दे."

"इंजिन कशाला बदलतो? खोकतं म्हणून? मीपण खोकते."

"एसीचा भार त्याला ओढवणार नाही, आई."

मार्था ही दीनाबाईंची पाठची बहीण. तिचं नाव निघालं आणि सही झाली.

गनीभाईंच्या गॅरेजात साखळीने माझं इंजिन उचललं. अपघातात चेपलेल्या एका नव्या गाडीचं इंजिन माझ्यात बसवलं. त्याच्या पट्ट्यावर एसीचा कॉम्प्रेसर चढवला. नाकात मोठा रेडिएटर आला. गार हवेची पेटी बसवायला समोरचा कप्पा कापून काढला. आवळासुपारीची डबी नटबोल्टांच्या फळीवर गेली. मी सगळं सोसलं. मनात म्हटलं, दीनाबाईंसाठी आहे. खरं काय ते ऐकूनही मी असं म्हटलं, बघा.

शेवटी गनीभाई त्या काचेशी थांबले. "ही चालू ठिवतो, बेंजूभाई. बाई हितंच बसत्यात ना?"

"फटीतून गार हवा जाईल. सिलिकॉन भरा."

"बाईंना इचारलं का?"

"एसी असल्यावर खिडकी कोणाला लागते, गनीभाई?"

गनीभाईंनी मान हलवली आणि सिलिकॉनची नळी उचलली. मनातल्या मनात मी दोघांचीही नावं मांडून ठेवली. बेंजामिनचं जरा ठळक.

लग्नसराई लागली. "पुढच्या रविवारी नक्की, आई." पुढच्या रविवारी कोणीतरी नवरदेव असायचाच. बहिणीसाठी केलेली शेंगदाण्याची चटणी खवट झाली. दीनाबाईंनी पुन्हा केली. तीही झाली.

एकदा मात्र बेंजामिनच म्हणाला, "चल आई, संगमनेर!" दीनाबाई ठेवणीतली साडी नेसून, चटणीची बाटली घेऊन आल्या आणि मला बघून थबकल्या. मी झेंडूने मढले होते.

"हे रे काय?"

"तिथेच एक लग्न आहे. आधी लग्न, मग मावशी. बस ना. जरा सरकून, हार चुरगळतोय."

त्या बसल्या. काचा वर गेल्या, एसी सुरू झाला. त्यांचा हात सवयीने खिट्टीकडे गेला. खिट्टी फिरेना. पुन्हा जोर लावला. मग हात कप्प्याकडे गेला. तिथून बोटांवर गार वारा आला. निम्मं शहर पार होईपर्यंत त्या पदर तोंडाशी धरून होत्या.

"बेंजू, मळमळतंय मला."

"एसी वाढवू?"

"नको. तारकपूरच्या स्टँडवर सोड. मी यष्टीनं जाते."

"आई, तुझ्यासाठी एवढं सगळं केलं!"

"माझ्यासाठी? मग मी कुठं बसते, तेवढं तरी बघायचं होतंस."

त्या उतरल्या. दार त्यांनी आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

राहुरीच्या अलीकडे बेंजामिन हार सारखे करायला थांबला. पुन्हा निघालो, तर पुढे लाल यष्टी. खिडकीशी दीनाबाई, पदर वाऱ्यावर. आम्ही शेजारून पुढे निघालो. बेंजामिनने हॉर्न दिला. तोही नवीनच. माझं इंजिन लोण्यासारखं चाललं होतं, एकदाही खोकलं नाही. स्वयंपाकघरातून मला ओळखणाऱ्या बाईंनी मान वळवली नाही. तिथे ओळखीचं कोणी जातंय, हे त्यांना कळणार तरी कसं? बेंजामिनने त्यांना फसवलं, हे खरं. पण त्यासाठी गळा माझा कापला.

लग्नात सगळे म्हणाले, काय गार आहे हो गाडी!

मित्रांनो, कोणासाठी काही करायला निघालात, तर त्या माणसाला आधी विचारा. आणि केडगावला आलातच, तर फोटो नंतर काढा. येताना एक ब्लेड आणा. सिलिकॉन ब्लेडने सोलून निघतं, इंजिन बदलण्याइतकं ते अवघड नाही. खिट्टी अजून तिथेच आहे, दीनाबाईंच्या अंगठ्याने गुळगुळीत झालेली.