खिडकीतून हजर

माझे वडील, अण्णा, जाऊन सव्वीस दिवस झाले होते, तेव्हा रूपालीचा फोन आला. ती तीर्थपुरीच्या कॉलेजात अण्णांची विद्यार्थिनी. तिच्या लघुपटात अण्णांनी काम केलं होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"सोमवारी शोकसभेत दाखवणारेत, ताई. तुम्ही आधी बघून घ्या." दुसऱ्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन घरी आली.

सहा मिनिटांचा लघुपट. कॅमेरा शेवटच्या बाकावर, जागचा हलत नाही. विद्यापीठाचं तपासणी पथक यायचंय आणि वर्ग रिकामा. अण्णा हजेरी घेतात आणि प्रत्येक नावाला स्वतःच 'हजर' म्हणतात. एकदा सर्दी झालेल्या आवाजात, एकदा धापा टाकत, एकदा बाहेर जाऊन खिडकीतून. शेवटी शंभर टक्के उपस्थिती लिहून सही करतात.

"नको दाखवूस," मी म्हणाले. "गेलेल्या माणसाला लोक हसतील."

"सरांनी पाच टेक दिले, ताई. मी म्हणले, सर, बस झालं. तर म्हणले, थांब गं, अजून हसू येऊन न्हाई राह्यलं. मंग त्यांनीच ते खिडकीचं शोधलं."

दोन दिवस मी घरात नुसती फिरत होते. चहा ठेवायचे, विसरायचे. एक पुस्तक चार वेळा उघडलं. रविवारी रूपालीला कळवलं, दाखव.

सभागृह भरलं होतं. पडद्याशेजारी अण्णांचा फोटो, हार, उदबत्त्या. दोन मिनिटं सगळे उभे राहिले, मग दिवे बंद झाले.

सर्दीचा आवाज आला. कोणी हसलं नाही. धापा आल्या. प्राचार्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. भिंतीशी उभी रूपाली नखं खात होती. मला खुर्चीत बसवेना. पाच टेक, आणि हे सगळे रडतायत.

पडद्यावर अण्णा वर्गाबाहेर पळाले, खिडकीचे गज धरून आत डोकावले. "हजर, सर!" पळत आत आले. "उशीर का झाला?" पुन्हा बाहेर, पुन्हा गज. "एसटी फेल झाल्ती, सर."

मी हसले. मोठ्यानं. पहिल्यांदा मुद्दाम. प्राचार्य रुमाल तसाच धरून मागे वळले. अण्णा परत आत पळत होते, धोतराचा सोगा सावरत, आणि दुसऱ्यांदा मला हसू आवरेना.

मागच्या रांगेत कोणीतरी फसकन हसलं.